बांध सरकविण्यापूर्वी

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या ह्या व्याख्यानमालेत आजवर संतवाङ्मय, नाट्यसंगीत, मराठेशाहीचा इतिहास अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विवेचन केले. त्यांच्या पंक्तीला बसून संगणकाच्या तबकडीची वाटणी आणि स्थलांतर ह्या विषयावर बोलायचे, म्हणजे पुरणपोळीच्या पानात सुताराची हत्यारे वाढण्यासारखे आहे, ह्याची मला पूर्ण जाणीव आहे. परंतु कार्यवाहांनी आग्रह धरला. ते म्हणाले, "गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही मंडळाच्या संगणकाचे जे काम केलेत, तेच सांगा. आज ना उद्या ते पुन्हा कोणाला तरी करावे लागेल, आणि तेव्हा तुम्ही-आम्ही असूच असे नाही." ह्या युक्तिवादापुढे मी निरुत्तर झालो.

मंडळाच्या कचेरीत, पेटी-तबल्याच्या कपाटाशेजारी, एक संगणक आहे. दिसायला तो अगदी सामान्य आहे. परंतु गेल्या पन्नास वर्षांचे आपले मंडळ आता त्याच्यात राहते. पहिल्या वर्गणीदारांची वही, पहिल्या गणेशोत्सवाची कृष्णधवल छायाचित्रे, नाटकांच्या तालमींची ध्वनिमुद्रणे, हे सारे त्यात आहे. आणि त्याहून मोलाच्या आहेत त्या ज्येष्ठ सभासदांच्या आठवणी. कोकणातून, वऱ्हाडातून, देशावरून नोकरीच्या निमित्ताने ही माणसे येथे आली. पहिले घर कसे मिळाले, पहिल्या संक्रांतीला तीळ कोठून आणले, भाषा येत नसताना भाजीवालीशी व्यवहार कसा केला, हे त्यांनी आपल्याच आवाजात सांगून ठेवले आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक आवाज आज केवळ त्या तबकडीवर उरले आहेत. तेव्हा तबकडीची वाटणी हा विषय वाटतो तितका रुक्ष नाही.

त्या संगणकावर लिनक्स नावाची प्रणाली चालते. प्रणाली म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकापासून पडद्यापर्यंत आणि तबकडीपासून छापयंत्रापर्यंत सर्वांना कामाला लावणारा. हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने १९९१ साली तिच्या गाभ्याचे काम जगापुढे ठेवले. त्यापूर्वी, १९८३ साली, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी सर्वांना मुक्तपणे वापरता, तपासता आणि सुधारता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला होता. ह्या दोन्ही प्रयत्नांतून आजची लिनक्स प्रणाली सिद्ध झाली. कोणी मूळ घर बांधले, कोणी ओसरी, कोणी विहीर. आणि येणाऱ्याला दार उघडे ठेवले. आपल्या मंडळांचा जन्मही असाच वर्गणीतून आणि श्रमदानातून होतो. म्हणून ही प्रणाली मला आपल्या जातकुळीतली वाटते.

गेल्या श्रावणात ह्या संगणकाने "जागा शिल्लक नाही" अशी तक्रार सुरू केली. पाठोपाठ तबकडीची प्रकृती तपासली, तेव्हा असे दिसले की तिचे काही कप्पे निकामी होऊन त्यांचे काम तिने राखीव कप्प्यांकडे सोपविले आहे, आणि ही संख्या दर आठवड्याला वाढते आहे. आधुनिक तबकड्या आपल्या प्रकृतीची अशी नोंद स्वतःच ठेवतात. ती वाचण्याची सोय लिनक्समध्ये असते. वाचण्याचे कष्ट मात्र आपण घेत नाही. माणसाच्या रक्तदाबासारखेच हे आहे. चक्कर येईपर्यंत कोणी मोजत नाही.

आता तबकडीची रचना थोडक्यात सांगतो. पहिली व्यापारी हार्डडिस्क आयबीएम कंपनीने १९५६ साली आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज खिशातल्या फोनने काढलेले एक छायाचित्र तिच्यात जेमतेम बसले असते. आपल्या कचेरीतली तबकडी ५०० गिगाबाइटांची, म्हणजे तिच्या लाखपट. एवढी मोठी जमीन कोणी सलग कसत नाही. तिचे गट पाडतात. एका गटात प्रणाली, दुसऱ्यात आपले कागदपत्र, तिसऱ्यात तात्पुरत्या कामाची जागा. ह्या गट पाडण्यालाच तबकडीची वाटणी म्हणतात.

वाटणी झाली की सातबारा आला. कोणता गट कोठून कोठवर, ही नोंद तबकडीच्या अगदी आरंभी असते. जुनी पद्धत १९८३ सालापासूनची. तबकडीचा पहिला कप्पा ५१२ बाइटांचा. त्यांतील अवघे ६४ बाइट ह्या नोंदीसाठी, आणि त्यांत फक्त चार मुख्य गटांना जागा. शिवाय ती पद्धत सुमारे दोन टेराबाइटांपलीकडची जमीन मोजूच शकत नाही. सर्वांत वाईट गोष्ट ही की ह्या नोंदीची दुसरी प्रत कोठेही नसते. जीपीटी नावाची नवी पद्धत ह्या बाबतीत अधिक शहाणी आहे. तिच्यात सामान्यतः १२८ गटांची सोय असते, नोंदीची एक प्रत तबकडीच्या आरंभी आणि दुसरी शेवटी असते, आणि नोंद बिघडली आहे की काय हे ताडण्यासाठी पडताळ्याचा आकडाही असतो.

सातबारा फाटला तर जमीन जात नाही, हे येथे ध्यानात ठेवावे. नोंद पुसली गेली तरी गटांतला मजकूर जागेवरच असतो. अशा वेळी घाबरून नवी वाटणी करून तिच्यावर पेरणी करणे, म्हणजे नवी फाइलव्यवस्था घालणे, हाच खरा घात. हात थांबवला, तर टेस्टडिस्कसारखी साधने जुन्या खुणा शोधून बांध पुन्हा आखून देतात.

मंडळाच्या तबकडीवर चार गट होते. पहिला २०० गिगाबाइटांचा, जुन्या विंडोज प्रणालीचा. पूर्वीच्या कोषाध्यक्षांचे हिशेब त्यात होते. गेली कित्येक वर्षे तो जवळजवळ पडीक होता. त्यानंतर ३० गिगाबाइटांचा लिनक्स प्रणालीचा, त्यानंतर चार गिगाबाइटांची तात्पुरती जागा, आणि शेवटी आपल्या आठवणींचा मोठा गट. तो काठोकाठ भरला होता. एकीकडे पडीक शेत आणि दुसरीकडे दाटीवाटीचे घर. साहजिकच मंडळातल्या एकाने सुचविले की पडीक शेतातली शंभर गिगाबाइट जागा काढून घराला जोडावी.

सूचना योग्य होती, परंतु मध्ये दोन शेजारी उभे होते. गट नेहमी सलग असावा लागतो. पहिल्यातून काढलेली जागा उडी मारून चौथ्याला देता येत नाही. तिच्यासाठी प्रणालीचा गट उचलून डावीकडे न्यायचा, तात्पुरती जागा डावीकडे न्यायची, आणि अखेर आठवणींच्या गटाचा आरंभ मागे ओढायचा. येथेच सारी मेख आहे. गटाचा शेवट पुढेमागे करणे हे तुलनेने हलके काम. आरंभ हलविणे म्हणजे आतला सारा मजकूर उचलून नव्या जागी मांडणे. त्याला तासन्‌तास लागतात, आणि अर्ध्यावर वीज गेली तर गट ना जुन्या जागी असतो ना नव्या. ज्या तबकडीचे कप्पे एकामागून एक दगा देत आहेत, तिच्यावर हा प्रयोग करणे म्हणजे आजारी माणसाला पालखीत बसवून घाट चढविण्यासारखे होते. म्हणून आम्ही ठरविले की जुन्या तबकडीवर एक रेघही ओढायची नाही. नवी तबकडी आणायची, तिच्यावर हवी तशी वाटणी करायची, आणि बिऱ्हाड तिकडे हलवायचे.

तरीही ज्यांची तबकडी निरोगी आहे आणि ज्यांना जागच्या जागी फेरवाटणी करावयाची आहे, त्यांच्यासाठी एक नियम सांगतो. तो पाठच करावा. गटाची सीमा ही एक गोष्ट, आणि त्यात पसरलेली फाइलव्यवस्था ही दुसरी. सीमा म्हणजे बांध. फाइलव्यवस्था म्हणजे पीक. गट लहान करावयाचा असेल, तर आधी पीक आत घ्यावे, मग बांध आत सरकवावा. गट मोठा करावयाचा असेल, तर आधी बांध बाहेर न्यावा, मग पीक पसरावे. हा क्रम उलटला, की उभ्या पिकातून बांध जातो. जीपार्टेडसारखी चित्रमय साधने हा क्रम आपोआप सांभाळतात, म्हणून नवख्याने तीच वापरावीत. लिनक्समध्ये सर्रास वापरली जाणारी एक्स्ट-फोर ही फाइलव्यवस्था वापरात असतानाही वाढविता येते. लहान करावयाची तर मात्र ती वापरातून काढून, आधी तपासून घ्यावी लागते. एक्सएफएस ही दुसरी फाइलव्यवस्था वाढते, पण ती लहान करण्याची भिस्त कोणी ठेवू नये. विंडोजचा गट लहान करावयाचा असेल तर तो विंडोजमधूनच करावा आणि ती प्रणाली पूर्णपणे बंद करावी. अर्धवट निजलेल्या अवस्थेत तिच्या गटाला हात लावू नये.

आता मी जे सांगणार आहे ते ह्या व्यासपीठावरून सांगणे मला सोपे नाही. परंतु पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ह्या न्यायाने ते सांगितले पाहिजे.

माझी आई १९९९ साली गेली. तिच्या अखेरच्या वर्षांत मी तिच्याकडून जात्यावरच्या ओव्या आणि तिच्या माहेरच्या गोष्टी कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. चाळीस मिनिटांची ती कॅसेट. येथल्या दमट हवेत तिला बुरशी धरू लागली, म्हणून २००३ साली मी तो आवाज संगणकावर घेतला आणि "आता ही कशाला?" म्हणून कॅसेट टाकून दिली. २००६ साली नवी तबकडी आणली. जुनीवरचे सारे नवीवर जसेच्या तसे उतरवावे, म्हणून एका ओळीची आज्ञा दिली. त्या आज्ञेत दोन नावे द्यावी लागतात: कोठून आणि कोठे. त्या काळी तबकड्यांची नावे एचडीए आणि एचडीबी अशी असत. फरक शेवटच्या एका अक्षराचा. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला जायचे होते. मी ती दोन नावे उलटी लिहिली. आज्ञाधारक यंत्राने एक प्रश्नही विचारला नाही. त्याने कोऱ्या तबकडीचा कोरेपणा भरल्या तबकडीवर इमानेइतबारे उतरविला. काम पूर्ण झाल्याचा संदेश आला, तेव्हा मला समाधान वाटले होते, हे आठवले की आजही लाज वाटते.

दोष यंत्राचा नव्हता, प्रणालीचा नव्हता, कोणा दुकानदाराचा नव्हता. तो माझा होता. आणि तो अक्षर चुकण्याचाही नव्हता, अक्षरे चुकतातच. दोष हा की एका अक्षराच्या चुकीने जी कायमची जावी, अशी वस्तू मी एकाच ठिकाणी ठेवली होती.

सुदैवाने, कॅसेट संगणकावर घेतली त्याच वर्षी राखीपौर्णिमेला मी साताऱ्याच्या धाकट्या बहिणीला एक सीडी पाठविली होती. तिच्यात अकरा मिनिटांचा भाग होता. फोनवर मी तिला घडले ते सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "दादा, अकरा मिनिटे आहेत ना? ती मी जपून ठेवली आहेत." चाळीसपैकी अकरा. माझ्या नातवंडांना त्यांची पणजी अकरा मिनिटांची आहे.

म्हणून मंडळाचे काम अंगावर घेताना माझे हात थरथरत होते. साह्याला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारी आपल्या एका सभासदांची कन्या होती. तिने पहिल्याच दिवशी विचारले, "काका, हे नीट होईल ह्याची खात्री काय?" मी म्हटले, "खात्री नाही, बाळ. म्हणून तर बिघडले तरी चालेल अशी तयारी आधी करायची." पुढचे तीन आठवडे आम्ही केले ते केवळ ही तयारी. प्रत्यक्ष स्थलांतराला एक रविवार पुरला.

पहिले काम प्रतींचे. आठवणींचा गट आम्ही बाहेरच्या दोन तबकड्यांवर उतरविला. प्रत घेतली म्हणजे झाले असे नाही. ती उघडते का हे पाहिले पाहिजे. प्रत्येक फाइलीच्या मजकुरावरून ठरावीक लांबीचा एक आकडा काढता येतो. मजकुरात एक बिंदू जरी बदलला तरी तो आकडा निराळा येतो. मूळ आणि प्रत ह्यांचे आकडे जुळवून पाहिले, तेव्हा हजारो फाइलींपैकी सात जुळेनात. त्या दुखऱ्या कप्प्यांवर होत्या. पुन्हा पुन्हा वाचून पाच निघाल्या, दोन छायाचित्रे गेली. केवळ दोन गेली, कारण आम्ही वेळेवर पोहोचलो. विंडोजच्या गटातले जुने हिशेबही त्याच वेळी काढून घेतले. तबकडी ह्याहून अधिक खालावलेली असेल, तर फाइलीमागून फाइल न काढता डीडीरेस्क्यू ह्या साधनाने आधी अख्ख्या तबकडीची प्रतिमा घ्यावी. ते चांगला भाग अगोदर वाचून घेते आणि दुखऱ्या भागाला नंतर हात घालते.

दुसरे काम सातबाऱ्याच्या उताऱ्याचे. जुन्या वाटणीची नोंद फाइलीत घेतली आणि तीच कागदावर छापून मंडळाच्या इतिवृत्ताच्या वहीत चिकटवली. कागदाला वीज लागत नाही.

तिसरे काम रंगीत तालमीचे. नाटक बसविणाऱ्या मंडळाला हे सांगायला नको. घरच्या एका टाकाऊ संगणकावर आम्ही हेच सारे काम आधी दोनदा करून पाहिले आणि प्रत्येक आज्ञा वहीत लिहून काढली. प्रयोगाच्या दिवशी सुचेल ते करायचे नसते. लिहिलेले म्हणायचे असते.

मग तो रविवार उजाडला. संगणक वीजसाठ्यावर, म्हणजे यूपीएसवर, जोडला. पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स प्रणाली सुरू केली, जेणेकरून जुन्या तबकडीवरची प्रणाली झोपलेली राहावी. राहत्या घरातले सामान मोजता येत नाही. एक माणूस मोजतो तोवर दुसरा भांडी हलवतो. चालत्या प्रणालीची प्रतही अशीच फसवी होऊ शकते.

आज्ञा देण्यापूर्वी आम्ही एक रीत पाळली. तबकड्यांना प्रणाली जी लघुनावे देते ती पुढच्या वेळी तीच राहतील असा भरवसा नसतो. आजची एसडीए उद्या एसडीबी होऊ शकते. म्हणून तबकडीचा नमुना, आकार आणि तिच्यावर छापलेला अनुक्रमांक पडद्यावरच्या यादीशी ताडला. ती मुलगी अनुक्रमांक मोठ्याने वाचत असे, मी वहीतल्याशी जुळवीत असे, आणि दोघांनी "बरोबर" म्हटल्यावाचून कळ दाबायची नाही. पंचनाम्याला दोन पंच लागतात ते उगाच नव्हे. जुनी तबकडी केवळ वाचण्यापुरतीच उघडली, म्हणजे चुकूनही तिच्यावर लिहिले जाऊ नये. २००६ साली हे एवढे केले असते तर, असे त्या दिवशी कितीदा तरी मनात आले.

नव्या तबकडीवर, ती एक टेराबाइटची आणि फिरते भाग नसलेली, जीपीटी पद्धतीने वाटणी केली. आरंभी संगणक सुरू होण्याच्या कामासाठी ५१२ मेगाबाइटांचा छोटा गट, मग प्रणालीला ६०, तात्पुरत्या जागेला आठ गिगाबाइट, आणि बाकी आठवणींना. शेवटी थोडी जमीन मुद्दाम मोकळी ठेवली. पुढच्या पिढीला बांध सरकवावासा वाटला तर शेजाऱ्याशी भांडण नको. गटांचा आरंभ एक-एक मेगाबाइटच्या पटीत ठेवला. साधने आता हे आपोआपच करतात, पण त्याने तबकडीच्या आतल्या कप्प्यांशी गट जुळतो आणि तिचा वेग टिकतो.

सामान हलविण्यासाठी आरसिंक हे साधन वापरले. केवळ फाइली नेऊन भागत नाही. फाइल कोणाच्या मालकीची, कोणाला वाचण्याची मुभा, कोणती फाइल दुसरीचेच दुसरे नाव आहे, हे संबंधही जसेच्या तसे गेले पाहिजेत. त्यासाठीचे पर्याय आज्ञेत द्यावे लागतात. आणखी एक बारीक गोष्ट. मूळ फोल्डराच्या नावापुढे तिरकी रेघ दिली तर आतले सामान जाते, न दिली तर फोल्डरच उचलून आत ठेवला जातो. एवढ्याशा रेघेने घरात घर तयार होते. तालमीत आमचे तसे झालेही.

आता पत्ते. प्रत्येक फाइलव्यवस्थेला एक लांबलचक ओळखक्रमांक असतो, त्याला यूयूआयडी म्हणतात. प्रणाली सुरू होताना कोणता गट कोठे जोडायचा ह्याची यादी एफएसटॅब नावाच्या फाइलीत असते आणि तिच्यात हे क्रमांक असतात. बिऱ्हाड नव्या घरी गेले पण यादीत जुनेच पत्ते राहिले, तर प्रणाली जुन्या दाराशी जाऊन उभी राहते. म्हणून ते सारे बदलले. तात्पुरत्या जागेचा क्रमांक आणखी एका ठिकाणी, गाढ निद्रेतून जागे होण्याच्या तजविजीत, लिहिलेला असतो. तो विसरला तर संगणक सुरू होताना उगाच ताटकळतो. तबकडीची हुबेहूब प्रतिकृती केली असेल, तर दोन्हींचे ओळखक्रमांक एकच असतात, हेही लक्षात ठेवावे. एका नावाची दोन माणसे एकाच घरात राहिली की पत्र कोणाला जाईल ते सांगता येत नाही.

अखेर ग्रब. संगणक चालू केल्यावर प्रणालीला हाक मारणारा हा द्वारपाल. पेनड्राइव्हवरच्या प्रणालीतून नव्या तबकडीवरच्या प्रणालीत शिरून त्याला नव्याने बसवावे लागते. येथे आमची गाडी अडली. नवी वाटणी नव्या पद्धतीची, म्हणजे ग्रबचा संचही नव्या पद्धतीचा हवा, तो घातला. तरीही संगणकाच्या मूळ यादीत त्याचे नाव नोंदले जाईना. दोन तास गेले. मी पुन्हा सारी वाटणी करावी म्हणू लागलो. तेव्हा ती मुलगी वही चाळत म्हणाली, "काका, आपण पेनड्राइव्हच जुन्या पद्धतीने सुरू केला आहे. जुन्या दाराने आत आलेल्याला नव्या दारावर पाटी लावता येत नसेल." अगदी तेच होते. पेनड्राइव्ह नव्या पद्धतीने सुरू केला आणि दहा मिनिटांत ग्रब बसला. दमलेल्या माणसाने निर्णय घेऊ नये, हा धडा मला २००६ साली मिळाला होता. तो मी पुन्हा विसरत होतो. जवळ दुसरे माणूस होते म्हणून निभावले.

पहिल्यांदा सुरू करताना जुनी तबकडी काढून बाजूला ठेवली. ती जोडलेली राहिली तर प्रणाली नकळत तिच्यावरच चालते आणि आपण स्थलांतर यशस्वी झाले असे समजतो. संध्याकाळी सात वाजता संगणक सुरू झाला. आम्ही पहिली फाइल उघडली ती पहिल्या कार्यवाहांच्या पत्नींच्या आठवणींची. "आम्ही आलो तेव्हा येथे काही नव्हते बरं का," असा तो आवाज कचेरीत घुमला. शेजारच्या खोलीत तालीम चालली होती, ती थांबली. त्यांना ओळखणारी चार माणसे दारात येऊन उभी राहिली. कोणी काही बोलले नाही.

मित्रहो, जुनी तबकडी आम्ही पुसली नाही. तिच्यावर चिठ्ठी लावून ती कपाटात ठेवली आहे. एक प्रत मंडळात, एक येथल्याच एका सभासदांच्या घरी, आणि एक पुण्यास निवृत्त होऊन गेलेल्या आपल्या एका माजी अध्यक्षांकडे. तीन प्रती, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या गावी, असा एक संकेत ह्या क्षेत्रात रूढ आहे. पूर, आग, चोरी ह्यांना एकाच वेळी दोन गावी येणे कठीण जाते, एवढेच त्यातले तत्त्व. नव्या पिढीच्या ज्या तबकड्यांत फिरते भाग नसतात, त्यांवरून पुसलेला मजकूर बहुधा परत मिळत नाही. त्यामुळे हा संकेत पूर्वीपेक्षा आज अधिक पाळला पाहिजे.

आपण सारी बदलीची माणसे. ट्रंकांवर नावे घालणे, काचेची भांडी जुन्या धोतरांत गुंडाळणे, देवघर सर्वांत शेवटी आवरणे आणि नव्या घरी सर्वांत आधी मांडणे, हे आपल्या घरच्या स्त्रियांनी वर्षानुवर्षे केले आहे. संगणकाचे बिऱ्हाड हलविण्यात ह्याहून निराळे काही नाही. मोजून घ्या, नावे घाला, नाजूक ते आधी सांभाळा, आणि नवे घर लागल्याखेरीज जुन्याची किल्ली परत करू नका.

एकच विनंती करून थांबतो. आज घरी गेल्यावर वाटणी, ग्रब, ओळखक्रमांक हे सारे विसरलात तरी चालेल. आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांचा आवाज कोठे आहे ते पाहा. तो एकाच फोनमध्ये किंवा एकाच तबकडीवर असेल, तर उद्याची वाट न पाहता त्याची एक प्रत आपल्या भावाला, बहिणीला, मुलीला पाठवा. अकरा मिनिटांऐवजी चाळीस मिनिटे पाठवा.